शब्दाला अभय, सुरुंगालाही?

१९८५ साली अमेरिकेतल्या एका संघीय अपील न्यायालयासमोर मोठी गमतीदार तक्रार निकाली निघाली. तक्रारदार होता जॉर्जिया राज्यातला एक वकील. म्हणणं असं, की माझ्यावर खटला भरायला सरकारने तब्बल १९ वर्षं लावली. दरम्यान साक्षीदार गेले, आठवणी पुसल्या, मला बचाव करणं अवघड झालं. सबब माझी शिक्षा रद्द करा. न्यायालयाने तक्रार नीट ऐकून घेतली आणि फेटाळली. या वकिलाचं नाव जे. बी. स्टोनर. एका कृष्णवर्णीय चर्चवरच्या बॉम्बहल्ल्यात तो दोषी ठरला होता. न्याय उशिरा मिळाल्याची तक्रार करण्याचा हक्क त्या चर्चच्या लोकांचा होता. ती केली मात्र त्याने.

स्टोनरचा जन्म १९२४चा, उत्तर जॉर्जियातल्या लाफायेट गावचा. लहानपणी पोलिओ झाला आणि एका पायाने तो जन्मभर लंगडला. आईवडील लवकर गेले. विशीही गाठली नव्हती तेव्हा तो चॅटनूगा शहरात कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचं काम करू लागला होता. दुसरं महायुद्ध संपतं न संपतं तोच त्याने ज्यूविरोधी पक्ष काढला, तोही स्वतःच्या नावाचा. छळछावण्यांच्या बातम्या जगभर पोचल्या होत्या, त्या काळात हिटलर या गृहस्थाला मवाळ वाटत होता. मग अटलांटामध्ये त्याने कायद्याची पदवी घेतली आणि एडवर्ड फील्ड्स या सहकाऱ्याबरोबर ‘नॅशनल स्टेट्स राइट्स पार्टी’ उभी केली. नाव घटनात्मक, जणू केंद्र आणि राज्य यांच्या अधिकारांवर परिसंवाद भरवणारी संस्था! पक्षाचं चिन्ह मात्र वीज, आणि मुखपत्राचं नाव ‘थंडरबोल्ट’.

गळ्यात बो-टाय, हाती वकिलीची सनद आणि तोंडी द्वेष, असं हे अजब मिश्रण. त्याला माथेफिरू म्हणून बाजूला सारता येतं. पण माथेफिरूला कायदा कळत नाही, आणि स्टोनरला तो चांगला कळत होता. आपल्याला कायदा कुठवर सांभाळून घेईल, याचा हिशेब तो आयुष्यभर मांडत राहिला. तो हिशेब पुष्कळदा बरोबर निघाला, म्हणूनच त्याच्याकडे पाहायचं.

पहिला प्रसंग मेरीलँडमधल्या प्रिन्सेस ॲन या लहान गावातला. ऑगस्ट १९६६मध्ये स्टोनरच्या पक्षाने तिथे सभा घेतली. कृष्णवर्णीयांविषयी आणि ज्यूंविषयी जे बोलायचं ते बोलून झालं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा जाहीर झाली. गावच्या अधिकाऱ्यांनी न्यायालय गाठून मनाई हुकूम आणला. तो देताना पक्षाला नोटीस गेली नाही, त्यांची बाजू कुणी ऐकली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. तिथे १९६८मध्ये या पक्षाच्या वतीने उभ्या राहिल्या एलिनॉर होम्स नॉर्टन. वय ३१, स्वतः कृष्णवर्णीय, मिसिसिपीतल्या नागरी हक्कांच्या लढ्यातून आलेल्या. त्या नागरी स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या ‘ए.सी.एल.यू.’च्या वकील होत्या. न्यायालयाने एकतर्फी मनाई घटनाबाह्य ठरवली. निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती एब फोर्टास यांनी, आणि ते ज्यू होते.

म्हणजे ज्या दोन समाजांना देशातून हुसकावून लावण्यासाठी हा पक्ष जन्माला आला होता, त्यातल्या एकीने त्याची बाजू मांडली आणि दुसऱ्याने ती मान्य केली. यात भाबडेपणा मुळीच नव्हता. एकतर्फी मनाई हुकूम हे दक्षिणेतल्या गोऱ्या सत्तेचं आवडतं हत्यार होतं आणि ते मुख्यतः नागरी हक्कांच्या मोर्च्यांवर चालत होतं. स्टोनरवर उगारलेलं हत्यार मोडलं, तर मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरचंही बोथट होणार होतं. नॉर्टनबाई स्टोनरला वाचवत नव्हत्या. त्याच्या खांद्यावरून आपल्या माणसांची वाट मोकळी करत होत्या.

इथवर गोष्ट उदारमतवादाला साजेशी आहे. पण तिला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून चालणार नाही. १९६४च्या उन्हाळ्यात फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीन शहरात किंग यांचं आंदोलन चालू होतं. स्टोनर आणि त्याचा साथीदार कॉनी लिंच तिथे पोचले आणि जुन्या गुलामबाजाराच्या चौकात रोज रात्री भाषणं झोडू लागले. २५ जूनच्या रात्री अशाच एका सभेतून उठलेला जमाव आंदोलकांवर तुटून पडला. शब्द आणि लाठी यांत तिथे किती अंतर उरलं होतं? पुढे १९६९मध्ये, क्लॅनच्याच एका पुढाऱ्याच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने मर्यादा आखली: तात्काळ बेकायदा कृत्य घडवून आणण्यासाठी केलेली आणि तसं घडण्याची दाट शक्यता असलेली चिथावणी, तेवढाच गुन्हा. मर्यादा कागदावर स्पष्ट आहे. रात्री, मशालींच्या उजेडात, पोलीस दुसरीकडे बघत असताना ती कुणी दाखवायची, हा खरा प्रश्न.

१९६९मध्येच स्टोनर जेम्स अर्ल रे याचा वकील झाला. किंग यांच्या खुनाची कबुली देऊन रे तीन दिवसांत तिच्यावरून फिरला होता. आरोपीला वकील मिळालाच पाहिजे, यात वाद नाही. पण किंग यांच्या मरणाचा ज्याला उघड आनंद झाला, तो माणूस अशिलाची वकिली करत होता की अशिलाच्या नावावर स्वतःची?

मग निवडणुका आल्या. १९७०मध्ये तो जॉर्जियाच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीत उतरला. ती फेरी आणि पद दोन्ही जिमी कार्टर यांनी जिंकलं. १९७२मध्ये सेनेटच्या उमेदवारीसाठी त्याने दूरचित्रवाणीवर जाहिरात दिली आणि तीत कृष्णवर्णीयांसाठीची सर्वांत गलिच्छ शिवी उघड वापरली. तक्रारी झाल्या. पण उमेदवाराच्या प्रचारात वाहिन्यांनी कात्री चालवू नये, असा कायदाच होता. संघीय दळणवळण आयोगाने हस्तक्षेप नाकारला आणि शिवी घराघरांत पोचली. स्टोनरला चाळीस हजारांवर मतं पडली. दोन वर्षांनी लेफ्टनंट गव्हर्नरपदासाठी ती सत्तर हजारांवर गेली. तो हरला खरा. पण ती मतं देणारे कुणी मशालवाले नव्हते. रविवारी देवळात जाणारी, शेजाऱ्याला सांभाळणारी माणसं होती. जाहिरात बंद पाडली असती, तर ही माणसं नाहीशी झाली नसती. फक्त मोजली गेली नसती.

आता बॉम्बकडे वळू.

ज्या चर्चवरच्या हल्ल्यात स्टोनर दोषी ठरला, ते अलाबामातल्या बर्मिंगहॅममधलं बेथेल बॅप्टिस्ट चर्च; नागरी हक्कांच्या लढ्यातले पुढारी रेव्हरंड फ्रेड शटल्सवर्थ यांचं. १९५६च्या नाताळच्या रात्री त्यांचं राहतं घर सुरुंगाने उडवलं गेलं आणि ते ढिगाऱ्यातून चालत बाहेर आले. तेव्हापासून चर्चचेच स्वयंसेवक रात्रीचा पहारा देत. २९ जून १९५८च्या पहाटे विल हॉल आणि स्टोन जॉन्सन या पहारेकऱ्यांना भिंतीशी एक जळता डबा दिसला. त्यांनी तो हाताने उचलला, रस्त्यात नेऊन ठेवला आणि पळाले. स्फोटाने चर्चच्या खिडक्या फुटल्या. माणूस मात्र कुणी दगावला नाही.

हे कुणाचं काम, याचा अंदाज पोलिसांना बांधावा लागला नाही. त्याच महिन्यात, एका क्लॅनवाल्या खबऱ्याच्या मध्यस्थीने, बर्मिंगहॅम पोलिसांची माणसं वेषांतर करून स्टोनरला भेटली होती आणि सुरुंगाची बोलणीही झाली होती. सार्वजनिक सुरक्षा आयुक्त बुल कॉनर यांच्या हाताखालच्या पोलीस खात्याने सापळा लावला. सावज आलं, चर्चजवळ स्फोट झाला, आणि सापळा लावणारे गप्प बसले. आपलीच चिथावणी उघड पडेल ही भीती, की शटल्सवर्थ यांच्यासाठी इतका त्रास कोण घेणार हा विचार? बहुधा दोन्ही.

ही शांतता मोडली ती बिल बॅक्स्ली या अलाबामाच्या तरुण ॲटर्नी जनरलने. बर्मिंगहॅममधल्याच सोळाव्या स्ट्रीटवरच्या चर्चमध्ये १९६३च्या स्फोटात चार मुली मारल्या गेल्या होत्या. ते प्रकरण त्याने पुन्हा उघडलं, तेव्हा स्टोनरच्या सहकाऱ्याने, फील्ड्सने, त्याला धमकीवजा पत्र लिहिलं. बॅक्स्लीने सरकारी कागदावर एका ओळीत, छापता न येणाऱ्या भाषेत उत्तर पाठवलं. १९७७मध्ये त्या स्फोटातला एक आरोपी दोषी ठरला आणि त्याच वर्षी स्टोनरवरही बेथेलचा आरोप ठेवला गेला. माणसं असलेल्या इमारतीजवळ सुरुंग लावण्याच्या गुन्ह्याला अलाबामात मुदतीची मर्यादा नव्हती, म्हणून हे जमलं. १९८०मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. अपिलं संपल्यावर हा कायदेपंडित काही महिने फरार झाला, मग हजर झाला आणि साडेतीन वर्षांत सुटलाही.

सुटल्यावर लगेच, जानेवारी १९८७मध्ये, जॉर्जियातल्या फोर्सिथ काउंटीत समतेच्या मोर्च्याविरुद्ध जमलेल्यांत तो होता. १९१२मध्ये या काउंटीतून साऱ्या कृष्णवर्णीयांना हाकलून लावलं गेलं होतं. आज तिथे भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. अटलांटाच्या मराठी घरांतून दिवाळीचा फराळ तिकडेही जातो. तिथल्या निवांत गल्ल्या निवांत कशा झाल्या, हे आपल्या मुलांना तिथल्या शाळेने नाही सांगितलं, तर आपण सांगावं.

स्टोनर २००५मध्ये वारला. त्याला अमेरिकेने फार बोलू दिलं, अशी टीका होते. मला ती चुकीच्या जागी केलेली वाटते. कायद्याने त्याच्या शब्दाला अभय दिलं, आणि ते देण्यात नॉर्टन-फोर्टास यांची दूरदृष्टी होती. पण ते अभय खपवून घेण्याजोगं ठरतं ते एकाच अटीवर: शब्द संपून सुरुंग सुरू होतो तिथे कायदा वाट बघत उभा असला पाहिजे. बर्मिंगहॅममध्ये तो अक्षरशः उभा होता. वेष बदलून, शेजारी, सगळं ऐकत. आणि तरीही हलला नाही.

तो जळता डबा उचलावा की पळून जावं, हे ठरवायला हॉल आणि जॉन्सन यांच्याकडे काही क्षण होते. अलाबामा राज्याने २२ वर्षं घेतली.