पाणी मागितलं, निपाणी आली

मान वर कर. परवा वाचनालयात त्या निवृत्त मास्तरांनी तुझ्या कात्रणं शोधायच्या यंत्रणेत एकच शब्द टाकला, पाणी. गावच्या पाणीपुरवठ्याची जुनी कात्रणं हवी होती त्यांना. आलं काय? निपाणी. निपाणीचा बाजार, निपाणीचा तंबाखू, निपाणीची निवडणूक. खाली सरकावं तेवढी निपाणीच. चष्मा पुसत मास्तर म्हणाले, ‘‘पाणी मागालोय बाळा, हे निपाणी कशाला दाखवालंय?’’ आणि तू माझ्याकडे वळून म्हणालास, ‘‘डेटा खराब आहे, सर.’’

डेटा खराब? ‘निपाणी’त ‘पाणी’ ही अक्षरं आहेत, हा डेटाचा दोष? अक्षरांचा तुकडा कुठंही दिसला की उचलून आणायचा, हे तू लिहिलंस. शब्द कुठं सुरू होतो, कुठं संपतो, एवढंही त्या यंत्राला शिकवलं नाहीस. आणि निकालांचा क्रम? ज्या क्रमानं पोरांनी कात्रणं टाइप केली, तोच. म्हणजे ज्याचा हात आधी मोकळा झाला त्याचं कात्रण पहिलं. याला शोध म्हणतोस?

तुला येत नसतं तर मी तोंड उघडलं नसतं. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, तशी प्रत्येक शब्दापुढं तो कुठल्या कुठल्या नोंदींत आहे याची यादी करून ठेवायची, हे वर्गात फळ्यावर कुणी समजावलं? तूच. दहा मिनिटांत. मागच्या बाकावरच्यांनाही कळलं होतं. मग फळ्यावरचं फळ्यावरच ठेवून घरी गेलास?

मी एकदा ओरडलो तर तू मोजणी घातलीस. शब्द जितक्यांदा आला तितके गुण. झालं काय? कुणी ‘निपाणी तंबाखू गोळीबार’ असं विचारलं. त्याला काय हवंय, हे या भागात कुणाला सांगायला लागतं का? १९८१ चं शेतकऱ्यांचं तंबाखू आंदोलन, शेतकरी नेते शरद जोशी, अडवलेला महामार्ग, एप्रिलमधला पोलिसांचा गोळीबार. तुझ्या यंत्रणेनं वर काय आणलं? एक भली जाड स्मरणिका, कारण तिच्या ओळीओळीत निपाणी आणि तंबाखू. गोळीबाराची अर्ध्या रकान्याची बातमी चौथ्या पानावर. चौथ्या पानापर्यंत कोण जातं रे? तू तरी जातोस?

नीट ऐक. निपाणीच्या कात्रणांत तंबाखू पानोपानी असणार. जो शब्द सगळीकडं आहे, तो काय वेगळं काढून देणार? त्या तिन्हींत काम करणारा शब्द एकच, गोळीबार, कारण तो थोड्याच नोंदींत आहे. कॅरन स्पार्क जोन्स या बाईंनी हे १९७२ साली लिहून ठेवलंय: जितक्या कमी नोंदींत शब्द, तितकं त्याचं वजन जास्त. पुढं लंडनच्या रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी १९९४ च्या सुमारास बीएम२५ चं सूत्र बसवलं. तोच शब्द शंभरदा आला म्हणून शंभरपट गुण नाहीत, आणि मजकूर लांबलचक आहे म्हणून त्याला जास्तीचा फायदा नाही. ही स्मरणिका तिथंच खाली बसली असती. परीक्षेत या सूत्रावर पैकीच्या पैकी मिळवलेस ना? ते काय गुणपत्रिकेपुरतं होतं?

‘‘लोक कसंही लिहितात, सर.’’ लिहिणारच! बेळगाव, बेळगांव, बेळगावी, बेलगाम. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या कात्रणांत जिथं तिथं अनुस्वार. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी, आणि तुझी आई घरी बेळगावच म्हणते. ही सगळी एकच जागा आहे, हे यंत्राला कोण सांगणार? तुझ्याच आजोबांच्या जमिनीच्या उताऱ्यावर आडनाव कन्नडात जाऊन परत मराठीत येताना वेगळंच झालं. तो उतारा शोधायला तू कचेरीत किती हेलपाटे घातलेस, हे तूच मला सांगितलंस. डोळ्यांत पाणी आणून सांगितलंस. ज्या भिंतीवर तुझं डोकं आपटलं, तीच भिंत तू दुसऱ्यांसाठी बांधलीस. याचा मला राग येतो.

प्रत्यय काढ म्हणालो. तू शेवटी ‘कर’ दिसला की कापत सुटलास. निपाणीकरचं निपाणी झालं, ठीक. भाकरचं ‘भा’ झालं आणि नोकरचं ‘नो’. कापलेल्या शब्दांची यादी एकदा तरी वाचलीस? दहा मिनिटांचं काम होतं.

आणि आता म्हणतोस, एआयचं मॉडेल लावू, सगळं सुटेल. नाचता येईना, अंगण वाकडं. तू तर नवीन अंगण विकत घ्यायला निघालास. ती मॉडेलं वाईट नाहीत. पाणीटंचाई विचारलं तर ‘विहिरी आटल्या’ ही बातमी ती आणतील, साधी सूची आणणार नाही. पण ती लावल्यावर सुधारलं की बिघडलं, हे कशावरून सांगशील? ‘‘चांगलं चालतंय’’ म्हणतोस. कुणासाठी? किती प्रश्नांवर? पहिल्या दहांत कामाची किती, आणि कामाची असून राहून गेली किती? इंग्लंडात क्रॅनफिल्डला क्लेव्हरडन यांनी १९६० च्या दशकात १४०० लेख आणि २२५ प्रश्न घेतले, आणि कुठला लेख कुठल्या प्रश्नाला लागू, हे माणसांकडून ठरवून घेतलं. मग पद्धती तपासल्या. तुझ्याकडं मोजपट्टीच नाही. तू स्वतः चार शब्द टाकतोस, आधीच ठाऊक असलेलं कात्रण वर दिसतं आणि खूश होतोस.

तुझ्याकडून २२५ मागत नाही. तीस माग त्या मास्तरांकडं. शनिवारी लॅपटॉप घरी ठेव, वही घे आणि वाचनालयातल्या संगणकापाशी त्यांच्या शेजारी बस. मध्ये बोलायचं नाही. ते काय टाइप करतात, कुठं अडतात, कुठलं कात्रण बघून ‘हेच’ म्हणतात, ते लिही. सीमाप्रश्नावरच्या १९६७ च्या महाजन अहवालात आपल्या गावाचं काय लिहिलंय, त्या वेळच्या बातम्या ते कधीपासून शोधताहेत. तुझ्याकडं ‘महाजन’ टाकलं की महाजन आडनावाचे सत्कार आणि लग्नं येतात. तिथून सुरुवात कर.

सोमवारी तीस प्रश्न आण, प्रत्येकापुढं बरोबर कात्रणांचे क्रमांक. साडेनऊला विभागात ये. नऊला आलास तर चहा पाजीन.