हजेरीपटाचे वारस

लोकमान्य टिळकांवर १८९७ आणि १९०८ मध्ये ज्या कलमाखाली खटले चालले, ते राजद्रोहाचे १२४ अ कलम भारतीय दंडसंहितेत आले १८७० मध्ये. तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य होता जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. त्यानंतर वर्षभराच्या आत, १२ ऑक्टोबर १८७१ रोजी, त्याच्याच कारकिर्दीत आणखी एक कायदा मंजूर झाला: क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट, म्हणजे गुन्हेगार जमाती कायदा. पहिल्या कायद्याची कथा महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. न्या. दावर, सहा वर्षांची शिक्षा, मंडालेचा तुरुंग, तिथे लिहिलेले 'गीतारहस्य'. दुसऱ्या कायद्याने लाखो माणसांना पाळण्यातच गुन्हेगार ठरवले. त्याचे नाव पदवीपर्यंत शिकलेल्या माणसालाही बहुधा माहीत नसते.

या दोन आठवणींतली तफावत मला महत्त्वाची वाटते. वसाहतवादाचा हिशेब मांडायला आपल्याला दादाभाई नौरोजींनी शिकवले. किती संपत्ती गेली, कोणत्या वाटेने गेली, विणकराचा माग का थांबला, हे सगळे त्या हिशेबात येते आणि यायलाच हवे. पण त्या वहीच्या एका पानावर लुटणारा इंग्रज असतो आणि दुसऱ्या पानावर लुटले गेलेले आपण सगळे, एकत्र. १८७१ च्या कायद्याला अशी मांडणी चालत नाही. तो इंग्रजांनी केला, पण राबवला गावोगावच्या आपल्या माणसांनी. आणि इंग्रज गेल्यावर त्यातले बरेच काही आपण ठेवून घेतले.

कायद्याची रचना साधी होती. एखादी जमात, टोळी किंवा माणसांचा वर्ग पद्धतशीरपणे गुन्हे करतो असे प्रांतिक सरकारला वाटले की वरिष्ठांच्या मंजुरीने तशी अधिसूचना काढायची. ती बरोबर की चूक, हे विचारण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला नव्हता. मग त्या जमातीतल्या माणसांची नावे नोंदवायची, ठरल्या वेळी हजेरी घ्यायची, गावाबाहेर जायचे तर पास द्यायचा. पासाशिवाय सापडला तर कैद, दंड, फटके. त्याने प्रत्यक्ष काही चोरले होते का, हा प्रश्नच उद्भवत नव्हता. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याची मुभा दिली. १९११ मध्ये कायदा मुंबई आणि मद्रास इलाख्यांसह देशभर लागू करता येऊ लागला आणि बोटांचे ठसे घेण्याची तरतूद आली. त्याच १८७१ च्या कायद्याच्या दुसऱ्या भागात तृतीयपंथीयांची नोंदवही होती, हेही सांगायला हवे.

इंग्लंडमध्येही त्या काळात सराईत गुन्हेगारांची धास्ती होती. तिथे १८६९ मध्ये आणि पुन्हा १८७१ मध्ये कायदे झाले. परंतु त्या कायद्यांखाली पोलिसांची नजर ज्याच्यावर राहायची, तो माणूस आधी न्यायालयात दोषी ठरलेला असे. म्हणजे लंडनमध्ये पाळत ठेवायला निदान एक सिद्ध झालेला गुन्हा लागत होता, आणि हिंदुस्थानात जन्म पुरेसा होता. एकाच साम्राज्यात, एकाच वर्षी. वसाहतवादाची नीती कशाला म्हणायचे असे कोणी विचारले, तर मी या फरकाकडे बोट दाखवीन. कर, व्यापार, युद्ध हे सगळे त्यापुढे मला दुय्यम वाटते. न्यायाचे एक माप आपल्या माणसांसाठी आणि दुसरे जिंकलेल्यांसाठी, आणि दुसरे माप वापरताना मनाला जराही टोचणी नाही.

ही टोचणी का लागली नाही, याचे उत्तर आपल्याला अवघड जाणारे आहे. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, म्हणून चोराचा मुलगाही चोरच होणार, असा युक्तिवाद त्या काळच्या अधिकाऱ्यांनी उघडपणे केला. हा तर्क त्यांनी विलायतेहून आणलेला नव्हता. जन्मावरून माणसाचा धंदा, धंद्यावरून त्याची लायकी आणि लायकीवरून त्याला द्यायची वागणूक ठरवण्याची रीत त्यांना इथे तयार सापडली. त्यांनी तिला अधिसूचना, रजिस्टर आणि शिक्षेची जोड दिली. गावच्या पाटलावर, जागल्यावर, जमीनमालकावर माहिती देण्याचे कर्तव्य टाकले. हजेरी चावडीवर व्हायची. रोज संध्याकाळी चावडीसमोर उभे राहणारे लोक आणि ते पाहणारे गाव, दोघांच्याही मनात या रिवाजाने जे रुजवले, ते गोऱ्या साहेबाने एकट्याने रुजवलेले नव्हते.

महाराष्ट्राच्या बाबतीत हे अधिक स्पष्ट दिसते. रामोशी हे गावाचे आणि गडाचे राखणदार. पुरंदरच्या आसमंतातल्या त्यांच्या हक्कांवर पेशवाईच्या अखेरच्या काळातच हात पडला होता. कंपनी सरकारच्या अमलात उरलेसुरलेही गेले. उमाजी नाईकांचे बंड त्यातून उभे राहिले आणि १८३२ मध्ये पुण्यात त्यांना फाशी झाली. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी शस्त्र उचलले तेव्हा त्यांच्याबरोबर उभे राहिले ते मुख्यतः रामोशीच. फडके आद्य क्रांतिकारक म्हणून आपल्या पाठ्यपुस्तकांत आले, ते योग्यच झाले. त्यांच्या रामोशी सोबत्यांच्या जमातीला मात्र पुढे हजेरी द्यावी लागली, ही गोष्ट त्याच धड्यात एका वाक्यानेही येत नाही.

बंजारा तांडे बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ वाहत. सैन्यांना रसद पुरवत. रेल्वे आली, मिठावर सरकारी कर आणि मक्तेदारी बसली आणि त्यांचा व्यापार उठला. जंगल कायद्यांनी, विशेषतः १८७८ च्या कायद्याने, पारध्याचे रान बंद केले. बाजार आणि रान दोन्ही हातचे गेलेला माणूस पोटासाठी हिंडू लागला की त्याच्या हिंडण्यावरच संशय. सरकारने आधी त्याचा मार्ग बंद केला आणि मग तो आडवाटेने का चालतो म्हणून त्याचे नाव वहीत चढवले. शेतसारा भरणारा, एका जागी राहणारा, मोजता येणारा माणूस हीच ज्या राज्याची सभ्यतेची कसोटी होती, त्या राज्याला पालात राहणारा माणूस समजणे शक्यच नव्हते.

नोंदवलेल्या जमातींना ठेवण्यासाठी मुंबई इलाख्यात सोलापूर, हुबळी, गदग, विजापूर इथे वसाहती उभ्या राहिल्या. सोलापुरात त्यांना 'सेटलमेंट' म्हणत आणि तारेच्या कुंपणाची आठवण तिथल्या घरांमध्ये अजून सांगितली जाते. आत राहायचे, पास घेऊन गिरणीत कामाला जायचे, परत येऊन हजेरी द्यायची. गिरण्यांना हात मिळाले, सरकारला सुधारणेचे समाधान. वसाहती चालवणाऱ्यांत मिशनरी होते, काही तळमळीचे अधिकारीही होते. ओ. एच. बी. स्टार्ट हे या वसाहतींचे अधिकारी. पुढे १९२८ मध्ये नेमलेल्या अस्पृश्य आणि आदिवासींविषयीच्या समितीचे ते अध्यक्ष झाले आणि डॉ. आंबेडकर त्या समितीचे सदस्य होते. शाळा, कामधंदा, औषधपाणी यांसाठी अशा माणसांनी खरोखर खटपट केली. त्यांच्या हेतूवर शंका घेण्याचे मला कारण दिसत नाही. तरीही कुंपणाच्या आत डांबलेल्या, काहीही सिद्ध न झालेल्या माणसाचे भले करण्यात जो अन्याय आहे, तो हेतूने धुतला जात नाही.

काळच तसा होता, असे म्हणून ही गोष्ट सोडून देता येत नाही, कारण त्याच काळात कोल्हापुरात दुसरे काही घडत होते. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात अशा जातींची हजेरी बंद केली. फासेपारध्यांना बोलावून घेतले, घरे दिली, नोकरीत घेतले, पहाऱ्यावर ठेवले. ज्यांच्यापासून राखण करायची असे पोलीस सांगत, त्यांनाच राखणदार नेमले. साम्राज्याच्या छायेत राहणाऱ्या एका संस्थानिकाला हे दिसले. दिसण्यासाठी लागत होता तो फक्त समोरच्याला माणूस मानण्याचा निश्चय.

अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' १९५९ मध्ये आली. मांगवाड्यावर पडलेली हजेरीची सावली मराठी वाचकाला तिने पहिल्यांदा एवढ्या ताकदीने दाखवली. नंतर लक्ष्मण माने यांचे 'उपरा', लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' आले. दोन्हींना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले. आपण ती वाचली, हळहळलो, अभ्यासक्रमात लावली. त्या पुस्तकांतला फौजदार मात्र इंग्रज नाही, ही बाब त्या हळहळीत झाकली गेली असे मला वाटते.

देश १९४७ मध्ये स्वतंत्र झाला. अनंतशयनम अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली १९४९ मध्ये समिती नेमली गेली, तिने १९५० मध्ये कायदा रद्द करण्याची शिफारस केली आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षे आणि सोळा दिवसांनी. या कायद्यातून सुटलेले, म्हणून विमुक्त म्हटले जाणारे समाज हा दिवस आजही आपला मुक्तिदिन म्हणून पाळतात. राज्यघटना लागू झाली त्या दिवशीसुद्धा देशाच्या अनेक भागांत हे नागरिक हजेरी देत होते. त्यानंतर राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. कागदावर हे कायदे जातीचे नाव घेत नाहीत, व्यक्तीपुरते बोलतात. पण पोलीस ठाण्यातली माणसे तीच, वस्त्या त्याच, वह्याही पुष्कळशा त्याच. जुन्या वहीतले नाव नव्या वहीत उतरायला कायद्याची गरज नसते.

पश्चिम बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यात फेब्रुवारी १९९८ मध्ये बुधन सबर हा तरुण पोलीस कोठडीत मारला गेला. त्यानंतर महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी देशपातळीवर काम उभे केले. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने भारताला सराईत गुन्हेगारांचे कायदे रद्द करण्यास सांगितले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला: तुरुंगात जातीवरून कामे वाटणारे आणि विमुक्तांना सवयीचे गुन्हेगार मानणारे तुरुंग नियमावल्यांतले नियम घटनाबाह्य आहेत, तुरुंगाच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढून टाकावा. स्वतंत्र भारताच्या तुरुंगांच्या नियमावल्यांत हे नियम त्या दिवसापर्यंत होते.

काही वाचक म्हणतील, पण काही वस्त्यांतून चोऱ्या होतात हे खोटे आहे का? खोटे नाही. सगळ्या जातींतली माणसे चोऱ्या करतात. काही जण बँकेच्या काउंटरमागे बसून करतात. एका व्यवस्थापकाने बँक बुडवली म्हणून त्याच्या पोटजातीच्या वस्तीवर पहाटे धाड पडत नाही, त्याच्या मेव्हण्याला उचलून नेत नाहीत, त्याच्या मुलीला वर्गात कोणी पेन हरवल्यावर पहिल्यांदा विचारत नाहीत. पारध्याच्या बेड्यावर हे सगळे घडते. गुन्हा व्यक्तीचा असतो, हे तत्त्व आपण स्वतःपुरते इतके गृहीत धरतो की दुसऱ्याला ते नाकारले जाते तेव्हा लक्षातही येत नाही.

नोंदवहीचा आणखी एक परिणाम असा की जिच्यात ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या बारकाईने नोंदली गेली, ती त्यांच्या उपयोगाच्या वेळी हाताशी नसते. महाराष्ट्रात विमुक्त जातीचा दाखला काढायचा तर वाडवडील २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासून राज्यात राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांचा आजा त्या साली पाल पाठीवर टाकून तालुक्यातालुक्यांतून फिरत होता, त्याच्या नातवाने सातबारा कुठून आणायचा, शाळेचा दाखला कुठून? त्याचा आजा गावात आला आणि गेला, हे बहुधा एकाच कचेरीला माहीत होते, आणि ती कचेरी पोलिसांची.

प्रांतांच्या जुन्या सीमाही अजून माणसे वाटून घेतात. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत, कारण तो भाग मध्य प्रांत-वऱ्हाडात होता. उरलेल्या महाराष्ट्रात तेच विमुक्त जातीत. बंजारा तेलंगणात अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत, महाराष्ट्रात विमुक्तांत. सख्ख्या बहिणी दोन जिल्ह्यांत दिल्या तर त्यांच्या सासरच्या मुलांचे घटनात्मक स्थान वेगळे. भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाला तर देशभरात दोनशेहून अधिक समाज असे आढळले, जे अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास यांपैकी कोणत्याच यादीत नव्हते. त्याआधी बाळकृष्ण रेणके आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला होता. दोन्ही आयोगांचे अध्यक्ष महाराष्ट्रातले. दोन्ही अहवालांतल्या बहुतेक शिफारशी अजून अहवालांतच आहेत.

इंग्रजांनी माफी मागावी, असे मलाही वाटते. १८७१ च्या कायद्याबद्दल तर विशेष. पण ती माफी त्यांनी मागायची कोणाकडे? दिल्लीच्या सरकारकडे, जे स्वतः पाच वर्षे तो कायदा चालवत होते? ती सोलापूरच्या सेटलमेंटमधल्या कुटुंबांकडे मागायला हवी, आणि तिथे इंग्रजांच्या शेजारी आपल्यालाही उभे राहावे लागेल. वसाहतवादाविरुद्ध आज फार मोठ्या आवाजात बोलले जाते. रस्त्यांची नावे बदलतात, दंडसंहितेचे नाव बदलले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. वसाहतीची मानसिकता टाकायची असेल, तर तिची सगळ्यात ठळक वस्तू पोलीस ठाण्याच्या कपाटात आहे.

आता जातीनिहाय गणना होणार आहे. विमुक्त-भटक्यांची मागणी आहे की त्यांची स्वतंत्र नोंद व्हावी. ज्या समाजाला नोंदीने एवढे छळले, तोच आज नोंद मागतो आहे, कारण संख्या नसेल तर अर्थसंकल्पात तरतूद नाही, वसतिगृह नाही, शिष्यवृत्ती नाही. ही मागणी मान्य व्हावी. तिच्याबरोबर दुसरे कामही व्हावे: प्रत्येक जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाने आपल्या ठाण्यांतल्या देखरेखीच्या याद्या तपासाव्यात, ज्यांच्यावर एकही गुन्हा सिद्ध झालेला नाही अशी नावे काढावीत आणि काढलेल्या नावांची माहिती त्या त्या कुटुंबाला लेखी द्यावी. यासाठी नवा आयोग नको, संसदेत विधेयकही नको. एक शासन निर्णय पुरे.