पैस खांब आणि रिकामे घर

नेवासे येथील ज्या पाषाणस्तंभाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये गीतेवरील भाष्य सांगितले, अशी परंपरा आहे, त्याला लोक 'पैस खांब' म्हणतात. आणि पैस म्हणजे मोकळा अवकाश, हे ध्यानी घेता, एवढ्या घट्ट शिळेला पोकळीचे नाव कसे मिळाले, याचे मला अणूची रचना शिकवताना दरवेळी नवल वाटत आले आहे. एका वर्षी तालुक्यातल्याच एका मुलाने उभे राहून विचारले, "सर, अणू आतून रिकामाच, तर खांबही मायाच म्हणायचा ना? आमचे आजोबा तसेच सांगतात."

प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नव्हता. रदरफोर्डने 1911 मध्ये दाखवलेले अणुकेंद्र ज्वारीच्या दाण्याएवढे मानून खांबाच्या पायथ्याशी ठेवले, तर अणूची सीमा शंभरएक मीटर दूर जाते, आणि जवळजवळ सगळे वस्तुमान मात्र त्या दाण्यातच राहते. तरीही आपला तळहात शिळेत शिरत नाही, कारण मधल्या अवकाशात इलेक्ट्रॉनांचा अंमल चालतो, आणि कोणत्या कक्षेत किती इलेक्ट्रॉन राहावेत याचा कायदा तेथे कधी मोडत नाही. दगडातल्या सिलिकॉनचे 14 इलेक्ट्रॉन 2, 8, 4 असेच बसतात.

म्हणून रदरफोर्डला मायावादाचा साक्षीदार करणे मला मान्य नाही; तसेच कणादांच्या निरवयव परमाणूला आजच्या सावयव अणूचा पूर्वज ठरवणेही मान्य नाही, कारण अशा ओढाताणीत दोघांवरही अन्याय होतो. मला अधिक मोलाचा वाटतो तो मेंडेलीव्हचा दाखला. 1869 च्या आपल्या सारणीत सिलिकॉनच्या वर्गातले पुढचे घर त्याने रिकामे ठेवले, पुढे 1871 मध्ये आपल्या संस्कृतातला 'एक' जोडून त्या अज्ञात मूलद्रव्याला 'एका-सिलिकॉन' म्हटले, त्याचा अणुभार 72 च्या सुमारास असेल असे लिहून ठेवले, आणि 1886 मध्ये विंक्लरला जर्मेनियम सापडले तेव्हा तो जवळपास तेवढाच भरला. ते घर रिकामे होते, पण मिथ्या नव्हते.

ज्ञानेश्वरांनीही अमृतानुभवात अज्ञानाच्या खंडनासाठी एक सबंध प्रकरण खर्ची घातले, आणि जगाला भ्रम न म्हणता चैतन्याचा विलास म्हटले. फळ्यावरची 2, 8, 4 ची वर्तुळे तशीच ठेवून मी त्या मुलाला म्हणालो, "आजोबांना सांग, खांब खरा आहे."