दाराचा पत्रा आणि उद्वेग



आजचा श्लोक गीतेच्या बाराव्या अध्यायातला पंधरावा. आवडत्या भक्ताची एक खूण भगवंत इथे सांगतात आणि ती दोन्ही बाजूंची आहे. त्याच्यामुळे जगाला उद्वेग होत नाही आणि जगामुळे त्याला होत नाही. 'उद्वेग' हा शब्द आपण पुस्तकी म्हणून पटकन ओलांडून जातो. पण त्याच्या मुळाशी 'विज्' धातू आहे, थरथरणं, हादरणं या अर्थाचा. मला हा अर्थ माहीत होता, पण तो नीट भिनला सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या दाराचा पत्रा हाताखाली धरल्यावर.

झालंय असं की गेले दोन रविवार मी आमच्या जुन्या हॅचबॅकची साउंड सिस्टीम घरच्या घरी बदलतोय. कारण बाबा. वय वाढतं तसे आधी उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात, आणि 'स', 'फ', 'थ' अशी व्यंजनं बरीचशी त्याच पट्टीत असतात. त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. अभंग लागला की बाबांपर्यंत सूर पोचतो, शब्द पोचत नाहीत. मग ते आवाज वाढवतात, २० वरून २८. आवाज वाढला की दार बझ करायला लागतं, आणि होते तेवढे शब्दही त्यात बुडतात. शेजारी मी, कपाळावर आठ्या घालून गाडी चालवतोय. म्हणजे बघा, दीड मीटरच्या डब्यात श्लोकाच्या दोन्ही बाजू हजर.

काही जण विचारतील, साधकाने गाडीच्या स्पीकरवर पैसे कशाला घालवायचे? विचारा. बापाला अभंगातले शब्द कळावेत याला मी चैन म्हणणार नाही, आणि यावर जास्त बोलणारही नाही.

कामाचं थोडक्यात सांगतो. आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढायचं. दाराचं पॅनल प्लॅस्टिकच्या पट्टीने हलकेच उचकटायचं, क्लिपा तुटतात म्हणून दोन-चार जास्तीच्या आणून ठेवायच्या. साडेसहा इंची स्पीकर दारात, ट्वीटर वर काचेजवळच्या खांबावर, बाबांच्या कानाच्या रोखाने. अ‍ॅम्पची पॉवर वायर एका बाजूने, सिग्नलची दुसऱ्या बाजूने, आणि पॉवर वायरला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. फ्यूजचा आळस करू नका, आग लागते.

सबवूफर मात्र घेतला नाही. यावरून मावसभावाशी चांगली तासभर वादावादी झाली. तो भजनी मंडळात पखवाज वाजवतो, कानाचा तयार आहे. त्याचं म्हणणं, "दादा, बास नसेल तर पखवाज पखवाज वाटतच नाही. आणि देवाचंच नाव लागणार आहे ना? मग कुणाला कसला त्रास?"

हा युक्तिवाद मी खूप वेळा ऐकलाय, मिरवणुकीतही आणि मांडवातही. तो भावनेतून येतो म्हणून त्याला एकदम झिडकारावंसं वाटत नाही. पण जरा आवाजाचा हिशेब बघा. ५० हर्ट्झच्या एका लहरीची लांबी जवळजवळ सात मीटर भरते, म्हणजे अख्ख्या गाडीपेक्षा जास्त. काच आणि पत्रा तिला फारसं अडवू शकत नाहीत. उंच पट्टीतले आवाज, म्हणजे नेमके शब्द, काचेच्या आतच राहतात. थोडक्यात, आत मला विठ्ठलाचं नाव ऐकू येतं आणि पहिल्या मजल्यावर नुकतंच बाळ झोपवलेल्या वहिनींना फक्त धप्प-धप्प. नाम त्यांच्यापर्यंत गेलंच नाही, गेला तो नुसता हादरा. मग 'देवाचं नाव आहे' हे कारण त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं?

शिवाय हे वाढवत नेणं संपतही नाही. कानाला आवाज दुप्पट वाटायला ताकद साधारण दहापट लागते. आधी अ‍ॅम्प, मग त्याला पुरेल अशी बॅटरी, मग ययातीची गोष्ट.

सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय, तिथेही हाच शब्द परत येतो. बोलणं सत्य हवं, प्रिय हवं, हिताचं हवं, हे आपल्याला पाठ असतं. पण या सगळ्यांच्या आधी, अगदी पहिलं, येतं ते उद्वेग न करणं. सत्याच्याही आधी! मी त्या क्रमावर बराच वेळ अडकलो होतो. मला वाटतं, समोरचा माणूस हादरलेला असला तर सत्यही त्याच्या कानात शिरत नाही, त्याला धप्प-धप्पच ऐकू येतं. कायदाही आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा घातलेली आहे. पण श्लोकात आकडा नाही. तिथे विचारलं जातं ते एवढंच, की समोरचा हादरला का?

ही झाली पहिली बाजू. भावाला ती अर्धीमुर्धी पटली. मला अवघड जाते ती दुसरी.

शहरात गाडी चालवणाऱ्या कुणालाही वाटतं की काचा वर केल्या, हॉर्न बाहेर राहिले, आत संथ हरिपाठ सुरू झाला की आपण शांत झालो. मलाही दाराचं डॅम्पिंग म्हणजे तेच वाटत होतं, बाहेरचा गोंगाट अडवणारी भिंत. प्रत्यक्षात ते तसं नाही. डॅम्पिंग शीट म्हणजे चिकट ब्युटाइल रबराचा थर आणि वर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल. ही शीट आवाज अडवायला लावत नाहीत. आवाज पत्र्यावर आदळतो तेव्हा पत्रा स्वतः घंटेसारखा थरथरतो, आणि त्या थरथरीचं रबराच्या आत किंचितशा उष्णतेत रूपांतर होतं. एवढंच त्याचं काम. म्हणून दार पूर्ण मढवावंही लागत नाही. पत्र्यावर टिचकी मारत जायचं, जिथे तो पोकळ वाजतो तिथे शीट रोलरने दाबून बसवायची. दाराच्या तळाशी पाणी निथळायची भोकं असतात, ती मात्र कधीच बुजवायची नाहीत, नाहीतर दार आतून गंजतं.

शीट लावल्यावर पुन्हा टिचकी मारली. 'टण्ण'च्या जागी 'ठप्'. आणि गंमत अशी की बझ बंद झाली तसा रस्त्याचा घुमाराही कमी झाला. पत्रा तोच होता. आतल्या आवाजाने थरथरणारा आणि बाहेरच्या आवाजाने घुमणारा, दोन्ही कामं तोच करत होता. श्लोकाची दोन वाक्यं मी इतके दिवस दोन वेगळे गुण म्हणून वाचत होतो, एक लोकांसाठी, एक स्वतःसाठी. आता तसं वाचता येत नाही.

काच वर करणं वेगळं. त्यात पत्रा तसाच राहतो, फक्त आपल्याला तो कळत नाही. कधी ना कधी काच खाली करावीच लागते, टोलनाक्यावर म्हणा किंवा घरी.

ज्ञानेश्वरीत माउली या श्लोकाला समुद्र आणि जलचरांचा दाखला देतात. समुद्र कितीही उसळला तरी जलचरांना त्याचं भय नाही, आणि समुद्रालाही जलचरांचा कंटाळा येत नाही. समुद्र काही गप्प बसलेला नसतो, हे मला त्यात फार आवडतं. शांतता म्हणून माउलींनी एखादं निवांत तळं नाही निवडलं.

आता आमच्याकडे आवाज १७ वर असतो. शब्द बाबांना बरेच कळतात, सगळे नाही. कानांच्या तपासणीला चला म्हटलं की ते विषय बदलतात, ट्वीटर त्यावरचा उपाय नव्हे हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. तेवढ्यात एखादी ओळ निसटते आणि ते माझ्याकडे वळतात, "काय म्हणाला रे?" एका फेरीत सहा-सात वेळा तरी. सिग्नलला थांबलो असलो तर मी गाणं थोडं मागे घेतो. चालत्या गाडीत असलो तर ओळ स्वतःच म्हणून दाखवतो, बेसूर. ते हसतात आणि म्हणतात, "हां, आता कळलं. पुढचं?"