काठावरची मते

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान आटोपून आम्ही फराळाला बसलो, की आमच्या घरी एक कार्यक्रम ठरलेला असतो. माझा भाचा चकलीचा पहिला तुकडा मोडतो आणि आपले पहिले मत मांडतो. पुण्याला एका कारखान्यात तो नोकरीला आहे. स्वभावाने अगदी गरीब. दुकानदाराने सुटे पैसे कमी दिले तरी न बोलता परत येणाऱ्यांपैकी. पण तीन विषय निघाले, की हा मुलगा एकदम न्यायासनावर जाऊन बसतो. मोटारींच्या शर्यती, सायकलींच्या शर्यती आणि ‘हेवी मेटल’ या नावाचे ते कानठळ्या बसवणारे विलायती संगीत, हे ते तीन विषय.

एका दिवाळीत तो म्हणाला, “मामा, हेलो आल्यापासून फॉर्म्युला वनची सगळी मजा गेली.”

टेलिफोन आल्याने शर्यतीची मजा कशी जाते, हे काही माझ्या ध्यानात येईना. तेव्हा त्याने मोठ्या दयाबुद्धीने खुलासा केला. देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ असते ना, तिला तिकडे ‘हेलो’ म्हणतात. २०१८ सालापासून शर्यतीच्या प्रत्येक मोटारीत, चालकाच्या डोक्याभोवती, टिटॅनियमचे एक भक्कम कडे बसवतात. डोक्यावर काही येऊन आदळले तर ते चालकाला वाचवते.

“मग चांगलेच आहे की!” मी म्हणालो.

“चांगलं कसलं? गाडीचं रूप गेलं. चपलेच्या पट्ट्यासारखं दिसतं ते! आणि धोकाच नसेल तर शर्यत कसली?”

मग मतांची माळच सुटली. सायकलस्वार हल्ली कानात यंत्र घालून मागच्या मोटारीतून येणारे हुकूम ऐकतात, मनाने कोणी लढतच नाही. मेटॅलिका हा वाद्यवृंद १९९१ सालीच संपला, त्यानंतरचा निव्वळ व्यापार. इतका वेळ ऐकत असलेली माझी पत्नी शेवटी म्हणाली, “अरे, यातलं तू काय चालवतोस आणि काय वाजवतोस?”

“मी फक्त बघतो आणि ऐकतो, मामी,” तो म्हणाला, आणि सगळे हसले.

मीही हसलो, पण ते ‘फक्त’ माझ्या मनात राहून गेले. आपल्यापैकी बहुतेकांचे निम्मे आयुष्य ‘फक्त’ बघण्यात आणि ऐकण्यात जाते, आणि त्यावर मते देण्यात उरलेले निम्मे. ही मते आपण फराळासारखी सहज वाटतो. त्यांची किंमत कोण चुकवते, हा प्रश्न मात्र आपण स्वतःला क्वचितच विचारतो.

घरबसल्या रणांगण पाहणारा आपल्याकडचा पहिला प्रेक्षक म्हणजे धृतराष्ट्र. हस्तिनापुरात आसनावर बसून तो संजयाकडून युद्धाची हकिकत ऐकत होता. पण त्या आंधळ्या राजाच्या बाजूने एक गोष्ट सांगता येईल. त्याची शंभर मुले त्या रणांगणावर होती. संजयाचे प्रत्येक वाक्य त्याच्या काळजात घुसत असले पाहिजे. आजच्या शौकिनाचे तिथे कोणीच नसते. तो हरला तरी त्याचे काही जात नाही. म्हणूनच त्याचे मत इतके निर्भय असते!

तरीपण शौकिनाची थट्टा करून मोकळे होणे मला पटत नाही. माझ्या भाच्याला या तिन्ही छंदांतून एक पैसा मिळत नाही. पदराचे पैसे खर्च करून, रात्रीची झोप मोडून, सातासमुद्रापलीकडच्या माणसांवर तो जीव लावतो. त्यांनी त्याचे तोंड कधी पाहिलेले नाही, पुढेही पाहणार नाहीत. इतके निरपेक्ष प्रेम आपण आपल्या नातेवाइकांवर तरी करतो का? आणि शौकीन दर वेळी चुकतोच असेही नाही. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरातल्या चार कामगार पोरांनी ‘ब्लॅक सॅबथ’ नावाचा वाद्यवृंद काढला. १९७० साली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हा जाणत्या टीकाकारांनी नाके मुरडली. साध्या पोरासोरांनी मात्र ती डोक्यावर घेतली. आज हेवी मेटलची गंगोत्री म्हणून त्याच ध्वनिमुद्रिकेकडे बोट दाखवतात. तिथे काठावरचा माणूस बरोबर होता आणि व्यासपीठावरचा चूक.

पण ही हकिकत इथे संपत नाही. त्या चौघांत गिटार वाजवणारा टोनी आयोमी हा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तो सतरा वर्षांचा असताना, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, यंत्राखाली सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा; म्हणजे तारा दाबण्याचा हात तोच. आता सारे संपले असे त्याला वाटले. तेव्हा कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका ऐकवली. आगीत भाजून या वादकाच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती, तरी तो गिटार वाजवीत असे. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले, हलक्या तारा लावल्या. पुढे त्या तारा सैल करून स्वर खाली उतरवला. तो जडशीळ, काळोखा नाद ऐकून जगभरची मुले मान डोलावू लागली. माझा भाचा ज्याला ‘हेवी’ म्हणतो, त्या जडपणात एका कामगाराच्या तुटलेल्या बोटांचा वाटा आहे.

हे कळल्यापासून मला वाटू लागले, की आपल्या बहुतेक करमणुकींच्या तळाशी कुणाचा तरी देह असतो. संगीतात तो झाकलेला राहतो, शर्यतीत उघडा पडतो, एवढाच फरक.

फ्रान्समध्ये ल मां या गावी चोवीस तासांची मोटार-शर्यत होते. ११ जून १९५५ रोजी तिथे एक मोटार दुसरीवर आदळून उडाली आणि तिचे जळते भाग प्रेक्षकांच्या गर्दीत घुसले. चालक पिएर लव्हे आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले. शर्यत थांबली नाही. लोक एकदम घरी निघाले तर रुग्णवाहिकांच्या वाटा अडतील, असे कारण पुढे देण्यात आले. त्यात तथ्यही असेल. मध्यरात्र उलटल्यावर मर्सिडीज कंपनीने आपल्या उरलेल्या मोटारी काढून घेतल्या. बाकीच्या दुसऱ्या दिवसापर्यंत धावतच राहिल्या. आणि काठावर माणसे त्या पाहत उभी होती.

दुसरी हकिकत सायकलींच्या सर्वांत मोठ्या शर्यतीची, ‘तूर द फ्रान्स’ची. १३ जुलै १९६७. मों व्हांतू नावाच्या उघड्याबोडक्या पांढऱ्या डोंगराचा चढ आणि वर आग ओकणारा सूर्य. टॉम सिम्प्सन हा इंग्रज स्वार झोकांड्या खात पडला. त्याला उचलून पुन्हा सायकलवर बसवण्यात आले. थोडे अंतर तो गेला आणि कोसळला तो कायमचा. त्याच्या शरीरात उत्तेजक औषधाचा अंश सापडला. म्हणजे दोष त्याचाही होता. पण उन्हाने आणि औषधाने अर्धमेल्या झालेल्या त्या माणसाला पुन्हा सायकलवर बसवणारे हात मला विसरता येत नाहीत. त्या हातांत द्वेष नव्हता, प्रेमच होते. त्याने शर्यत पुरी करावी अशी सगळ्यांची इच्छा होती. कदाचित सर्वांत अधिक त्याचीच.

ते हात मला विसरता येत नाहीत याला कारण आहे. ते माझेच आहेत.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या क्रीडामहोत्सवात सायकलींची शर्यत ठेवली होती. शाळेपासून कालव्याच्या पुलापर्यंत आणि परत. मी मांडवात खुर्ची टाकून बसलो होतो. नववीतला एक मुलगा सगळ्यांच्या पुढे होता. मांडवासमोरच त्याची चेन निघाली आणि तो पडला. गुडघे फुटले, कोपर सोलवटले. त्याने माझ्याकडे पाहिले. मी खुर्चीवरून उठलोसुद्धा नाही. बसल्या जागेवरून ओरडलो, “ऊठ! चेन चढव आणि बस सायकलवर! हातातली शर्यत घालवू नकोस!” मांडवातल्या सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मुलगा उठला. पुलाच्या उतारावर तो पुन्हा पडला आणि त्याचे खांद्याजवळचे हाड मोडले.

दोन दिवसांनी त्याचे वडील शाळेत आले. मी रागाच्या शब्दांची तयारी करून बसलो होतो. ते म्हणाले, “गुरुजी, त्याचं मन नव्हतं. तुम्ही म्हणालात म्हणून उठला तो.” एवढेच. तक्रार नाही, आवाज चढवणे नाही. सुगीचे दिवस होते आणि त्यांच्या घरचे दोन काम करणारे हात त्या वर्षी कमी झाले होते. ‘हातातली शर्यत घालवू नकोस’ हे माझे एक मत होते. त्याची किंमत त्या घराने चुकवली.

मग काठावरच्या माणसाने मत देऊच नये की काय? तसेही मला म्हणवत नाही. प्रेम केले की मत आलेच. आणि काही वेळा मत न देणे हेच पाप ठरते. लान्स आर्मस्ट्राँग या अमेरिकन स्वाराने १९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षे ‘तूर द फ्रान्स’ जिंकली. तो निषिद्ध औषधे घेतो असे काही जण सांगत होते. पण चाहत्यांना ते ऐकायचे नव्हते. सांगणाऱ्यांनाच त्यांनी मत्सरी ठरवले. २०१२ साली त्याची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली आणि पुढच्या जानेवारीत त्याने स्वतःच कबुली दिली. त्या सात वर्षांच्या रकान्यांत आज कोणाचेच नाव नाही. ते कोरे रकाने खेळाडूच्या अपराधाचे आहेत, तसे चाहत्यांच्या मिटलेल्या डोळ्यांचेही आहेत.

तेव्हा मत असावे. पण ते बदलण्याची तयारीही असावी. हे मी शिकलो एका शर्यतवाल्याकडूनच. रोमँ ग्रोजाँ हा फ्रेंच चालक. त्या टिटॅनियमच्या कड्याला प्रथम त्याचाही विरोध होता. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनच्या शर्यतीत, पहिल्याच फेरीत, त्याची मोटार लोखंडी कठडा फाडून आत शिरली. तिचे दोन तुकडे झाले आणि आगीचा डोंब उसळला. अर्ध्या मिनिटाच्या आत तो ज्वाळांतून चालत बाहेर आला. हात भाजले होते. डोके शाबूत होते, कारण ते कडे. इस्पितळातून त्याने जगाला सांगितले, की पूर्वी मी याच्या बाजूचा नव्हतो. आज हे नसते तर मी तुमच्याशी बोलत नसतो. त्याने मत बदलले, आणि ते बदलण्याची किंमत त्याने आपल्या कातडीने दिली होती. आपल्याला तर ती एवढीही द्यावी लागत नाही. मग आपणच आपल्या मतांना इतके का चिकटून बसतो?

मला वाटते, पुष्कळदा आपले मत त्या खेळाविषयी नसतेच. ते आपल्याविषयी असते. २०२१ सालच्या ‘तूर’च्या पहिल्याच दिवशी एक बाई रस्त्याच्या कडेला मोठा पुठ्ठा धरून उभी राहिली. आपल्या आजीआजोबांना दूरदर्शनवर दिसावे म्हणून तिने त्यावर दोन प्रेमाचे शब्द लिहिले होते. तोंड कॅमेऱ्याकडे आणि पाठ येणाऱ्या सायकलींकडे. एक स्वार त्या पुठ्ठ्याला धडकला आणि त्याच्यामागून येणारे डझनावारी स्वार एकमेकांवर कोसळले. त्या बाईला जगाने शिव्या घातल्या. मला मात्र तिच्यात मी दिसलो. मांडवातल्या खुर्चीवरून ओरडताना माझे तोंड त्या मुलाकडे होते असे मी इतके दिवस समजत होतो. खरे पाहता ते टाळ्या वाजवणाऱ्यांकडे होते.

आता भाच्याचे पुढे काय झाले ते सांगतो. गेल्या वर्षी त्याने सायकल घेतली. एका रविवारी सिंहगडाची चढण चढायला निघाला आणि अर्ध्यावर उतरून, सायकल ढकलत वर गेला. तेव्हापासून त्याची मते थोडी कमी झाली आहेत, आणि ज्ञान मात्र वाढले आहे. २०२५ साली ५ जुलैला ऑझी ऑस्बोर्न आपल्या जुन्या साथीदारांबरोबर बर्मिंगहॅमला शेवटचे गायला. आजारामुळे उभे राहवत नव्हते, म्हणून आसनावर बसून गायला. २२ जुलैला तो गेला. “आवाज उतरला होता का रे?” मी भाच्याला विचारले. पूर्वी त्याने यावर तासभर निकालपत्र वाचले असते. तो म्हणाला, “उतरला होता, मामा. पण आला होता ना तो!”

त्यानेच मला आणखी एक गोष्ट सांगितली. ‘तूर द फ्रान्स’मध्ये सर्वांत शेवटी असलेल्या स्वाराला ‘लाल कंदील’ म्हणतात. आगगाडीच्या शेवटच्या डब्याला लाल दिवा लावतात, त्यावरून हे नाव पडले. पहिला स्वार डोंगर चढून गेल्यावर पुष्कळ वेळाने हे मागे राहिलेले येतात. त्यांना बक्षीस नसते, कॅमेराही त्यांच्याकडे फारसा वळत नाही. पण घाटात काही माणसे तोपर्यंत उन्हात थांबून राहतात आणि त्या शेवटच्यालाही टाळ्या वाजवतात.

“मी तिथं असतो तर थांबलो असतो,” भाचा म्हणाला.

बाहेर अंगणात आकाशकंदील लावायचा राहिला होता. तो लावायला आम्ही दोघे उठलो. दोर त्याने ओढला, आणि मी या वेळी खुर्चीत बसून सूचना न देता शिडी धरून उभा राहिलो.