न पाहता दिलेला निकाल

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! तुझ्या वयाला हे शोभत नाही आणि तुझ्या पेशाला तर मुळीच नाही. ज्या मालिकेचा एक भागही तू धड पाहिलेला नाहीस, तिच्यावरून भर पंगतीत ताईला म्हणालास, ‘चाळिशी उलटली तरी शिंगं मोडून वासरांत शिरतेस.’ चार पाहुणे हसले, तुला बरं वाटलं. तिने मान खाली घालून वाढायला घेतलं. परक्या घरच्या पंगतीत तमाशा नको म्हणून मी तेव्हा गप्प बसले. आज बोलणार आहे, आणि तू मधे तोंड घालायचं नाहीस.

मालिकेचं नाव ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’. १९८७ ते १९९४, सात पर्वं, १७८ भाग. तुला काय ठाऊक होतं तिच्याबद्दल? अवकाशयान, अंगाला चिकटलेले रंगीत गणवेश, कपाळावर रबराच्या वळ्या चिकटवलेले परग्रहवासी. येता-जाता टीव्हीवर दिसलं तेवढं. तेवढ्यावर तू ती पोरांची ठरवलीस. कोर्टात कागद न वाचता असा उभा राहशील का रे? मग घरच्या माणसाबद्दल निकाल देताना ती शिस्त कुठे जाते?

सगळे भाग सोन्याचे आहेत असं मी म्हणत नाही. पहिल्या पर्वातले कित्येक भाग फिके आहेत, काही तर मला बघवलेही नाहीत. पण ताई काय बघते ते समजून घ्यायचं असेल तर १९८९च्या फेब्रुवारीत दाखवला गेलेला एक भाग घे, ‘द मेझर ऑफ अ मॅन’. तो लिहिला मेलिंडा स्नॉडग्रास यांनी. लेखनाकडे वळण्याआधी त्या वकील होत्या, म्हणजे तुझ्याच पेशातल्या. त्यात एकही लढाई नाही. आहे ती एक सुनावणी.

एंटरप्राइझ या यानावर डेटा नावाचा अधिकारी आहे. तो यंत्रमानव आहे. मॅडॉक्स नावाचा शास्त्रज्ञ येतो आणि म्हणतो, याला उघडून बघायचं आहे, म्हणजे असे आणखी पुष्कळ बनवता येतील, प्रत्येक यानावर एकेक. डेटा त्याचं संशोधन तपासतो आणि त्याच्या लक्षात येतं की या माणसाची तयारी अपुरी आहे, हा आपल्याला पुन्हा जसाच्या तसा जोडू शकेल याची खात्री नाही. तो नकार देतो, राजीनामा देतो. त्यावर मॅडॉक्सचं उत्तर असं, की यंत्राला राजीनामा देता येत नाही, ती अवकाश दलाची मालमत्ता आहे. प्रश्न उभा राहतो तो इथे. तू रोज मालमत्तेचे दावे चालवतोस ना? मग सांग, जी वस्तू तुझ्यासमोर उभी राहून ‘मला हे मान्य नाही’ म्हणते, तिच्या मालकीचा दावा कसा लावशील?

आता नीट ऐक, कारण मोठ्या माणसाला धरून ठेवणारी गोष्ट पुढे आहे. ज्या तळावर हे घडतं तो नवा आहे, कायदा विभागात माणसं नाहीत. नियम असा, की मग यानावरच्याच अधिकाऱ्यांनी बाजू मांडायची. कॅप्टन पिकार्डने डेटाची, आणि पिकार्डच्या खालोखालचा अधिकारी रायकर याने विरुद्ध बाजू. रायकर डेटाचा मित्र आहे. तो साफ नाही म्हणतो. न्यायाधीश फिलिपा लुवॉ त्याला सांगते, तू उभा राहिला नाहीस तर सुनावणीच होणार नाही, मी आहे त्या कायद्यावर निकाल देईन आणि डेटा यंत्र ठरेल. उभा राहून काम अर्धवट केलंस तरी तेच होईल. म्हणजे मित्राला वाचवण्याची एकमेव संधी मिळावी म्हणून रायकरने मित्राविरुद्ध जीव तोडून लढायचं.

मग एक छोटा प्रसंग येतो. रायकर एकटा बसून डेटाच्या रचनेचे आराखडे चाळतोय. त्याला हवं ते सापडतं आणि चेहऱ्यावर हसू येतं, पक्का मुद्दा हाती लागल्यावर कुठल्याही वकिलाला येतं तसं. तुलाही येत असणार. आणि क्षणभरात ते हसू मावळतं, कारण आपण काय शोधलंय ते त्याला उमगतं. त्या जागी एक शब्द बोलला जात नाही. बारा वर्षांच्या मुलाला तिथे काही घडलंय हेही कळणार नाही. ज्याने नोकरीत कधी तरी मन मारून, पण चोख काम केलंय, त्याला कळेल. ताई बँकेत आहे. थकलेल्या कर्जाच्या नोटिशीवर तिला सही करावी लागते, कधी ओळखीच्या माणसाच्या नावावरही. तिला तो चेहरा कुणी समजावून सांगावा लागला नसेल.

सुनावणीत रायकर डेटाला धातूची कांब वाकवायला लावतो, त्याचा हात मनगटातून काढून न्यायाधीशासमोर ठेवतो, आणि शेवटी मागे जाऊन त्याचं बटण बंद करतो. डेटा मेजावर कोसळतो. युक्तिवाद बिनतोड आहे आणि करणाऱ्याला स्वतःची घृणा वाटते आहे. पिकार्ड हादरतो. तो गायनन या जुन्या मैत्रिणीकडे जातो. ही भूमिका वूपी गोल्डबर्ग यांची, आणि हा संवाद एका कृष्णवर्णीय अभिनेत्रीच्या तोंडी असणं महत्त्वाचं आहे. ती त्याला शांतपणे विचारात पाडते, की इतरांना नको असलेली कामं करायला, ज्यांच्या मनाचा विचारच करावा लागू नये असे जीव हजारोंनी तयार झाले तर त्याला काय म्हणायचं? गुलामगिरी हा शब्द पिकार्ड उच्चारतो. १८५७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट नावाच्या गुलाम माणसाला सांगितलं होतं की तू या देशाचा नागरिक नाहीस, तेव्हा तुला इथे दाद मागता येणार नाही. कायदा शिकलेल्या माणसाने त्या खटल्याशिवाय हा भाग बघूच नये. आज यंत्रं बोलू लागली आहेत, कचेऱ्यांतून काम करू लागली आहेत, तेव्हा मॅडॉक्सची ती ‘प्रत्येक यानावर एकेक’वाली योजना कल्पनेतली म्हणून बाजूला सारता येत नाही.

निकाल काय लागतो? डेटाला आत्मा आहे की नाही हे न्यायाधीश ठरवत नाही. ते आपल्या अधिकारात नाही, असं ती मोकळेपणाने म्हणते. डेटा कुणाची मालमत्ता नाही, त्याला निवडीचं स्वातंत्र्य आहे, एवढंच ती सांगते. आपल्या ज्ञानाची हद्द ओळखून दिलेला निकाल असतो तो. तू पंगतीत दिलास त्याच्या शेजारी ठेवून बघ. आणि भाग तिथे संपत नाही. सगळे आनंद करायला जमतात, रायकर मात्र एकटा बसून राहतो. डेटा त्याच्याकडे जातो आणि त्याच्या लक्षात आणून देतो, की तू उभा राहिला नसतास तर मी हरलो असतो. त्या कृत्याने तुला जखम झाली आणि मी वाचलो. ज्याला भावना नाहीत असं सगळे म्हणतात, त्यालाच हे समजतं.

आणखी एक सांगते, ‘चेन ऑफ कमांड’, १९९२. पिकार्ड शत्रूच्या हाती लागतो, त्याचा छळ होतो. समोर चार दिवे आहेत, छळणारा म्हणतो, पाच आहेत म्हण. मधेच त्या माणसाची लहान मुलगी खोलीत येते आणि तो कैद्यासमोरच तिच्याशी लाडाने बोलतो. चांगला बाप आहे तो! शेवटी सुटका होताना पिकार्ड ओरडून चारच दिवे असल्याचं सांगतो. पोरं इथे टाळ्या वाजवतील. नंतर मात्र एका खोलीत, अगदी हळू आवाजात, तो कबूल करतो की शेवटी शेवटी मला पाच दिवे खरोखरच दिसायला लागले होते. धीराचा माणूससुद्धा मोडू शकतो, हे मालिकेने स्वतःच्या नायकाबद्दल सांगितलं आहे. ही पोरांची गोष्ट वाटते तुला?

‘द इनर लाइट’ही त्याच वर्षातला. त्याला पुढच्या वर्षी ह्यूगो पुरस्कार मिळाला. पिकार्ड पंचवीसेक मिनिटं बेशुद्ध असतो आणि तेवढ्यात एका नष्ट झालेल्या ग्रहावर अख्खं आयुष्य जगतो: बायको, मुलं, आटत चाललेलं पाणी, म्हातारपण. मी तो आई गेल्यानंतर पाहिला. त्याबद्दल याहून जास्त तुझ्याशी बोलणार नाही.

ताईसारख्यांनाही मी सोडणार नाही. गणवेश शिवून घ्यायचे, पर्व-भागांचे आकडे पाठ म्हणायचे, कुठलं यान जास्त वेगवान यावर तासन्‌तास घालवायचे, आणि रायकरच्या त्या चेहऱ्यावर एक शब्द बोलायचा नाही, असे चाहतेही पुष्कळ आहेत. ती मालिकेची अवहेलनाच आहे. तुझ्यासारख्यांना हसायला कारण मिळतं ते त्यांच्यामुळे. ताईला मी हे तोंडावर सांगितलं आहे. तिने ऐकून घेतलं, तुझ्यासारखे फाटे फोडले नाहीत.

निकाल कसा द्यावा, याचं आपल्याकडचं उदाहरण देते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. तिला पहिलं बक्षीस मिळालं. ते जगताप म्हणजे डॉ. जयंत नारळीकर. नाव बघून नव्हे, कथा वाचून निकाल लागावा, म्हणून त्यांनी नाव लपवलं. परीक्षकांनी कथा वाचली आणि निकाल दिला. तूही तेवढंच करायचं होतंस.

तेव्हा आता काम घे. ‘द मेझर ऑफ अ मॅन’ बघायचा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बघायचा, आणि पुढे पळवायचा नाही. मग लिहायचं: रायकरने उभं राहायला नकार द्यायला हवा होता का? आधी नकाराच्या बाजूने, मग विरुद्ध, दोन्ही तितक्याच ताकदीने. वहीत, हाताने लिहायचं, आणि मला आणून दाखवायचं. वेळ नाही ही सबब ऐकणार नाही. पाऊण तासाचा भाग आहे.