जिजाऊंचं जाणं आणि राज्याभिषेकाचा शकुन

रायगडाच्या पायथ्याला, पाचाडात शिवाजी महाराजांच्या आई जिजाऊसाहेबांची समाधी आहे. गडावरची हवा सोसेना, म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी इथे वाडा बांधला, असं सांगतात. वाड्याच्या अवशेषांत टेकून बसायला दगडी तक्क्या असलेली विहीर आजही दिसते.

६ जून १६७४ रोजी गागाभट्टांनी महाराजांना वैदिक राज्याभिषेक केला. १७ जूनला जिजाऊ गेल्या. तांत्रिक परंपरेतल्या निश्चलपुरी गोसावींना या मृत्यूत विधीतल्या उणिवांचा कौल दिसला. ‘शिवराज्याभिषेककल्पतरू’ या संस्कृत ग्रंथात त्यांची बाजू मांडली आहे. २४ सप्टेंबरला त्यांनी तांत्रिक पद्धतीने दुसरा अभिषेक केला.

मंत्र चुकला म्हणून देव कुणाची आई नेतो का?

कर्मकांडाची बाजू सांगते, की विश्वाची घडी विधीने राहते. भक्तीची बाजू देवाला इतकं कोपिष्ट मानत नाही. वारकरी संतांनी नामाला कर्मकांडापेक्षा थोर मानलं, ते याच भूमिकेतून. महाराजांनी दोन्ही विधी करून घेतले. राजाला सगळ्यांचं समाधान पाहावं लागतं.

पण जिजाऊ वृद्धापकाळी गेल्या, मुलाला सिंहासनावर बसलेलं पाहून गेल्या. त्या मरणाला अपशकुन म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. राज्याभिषेक दिनाच्या सोहळ्याला गडावर जाणाऱ्यांनी आधी पाचाडला थांबावं, समाधीवर डोकं टेकवावं.